वाचकांचे प्रश्न : लायबेरियात बंदुका थांबल्या, पुढं काय झालं?

मागच्या अंकात लायबेरियाला गेलेल्या आपल्या सीआरपीएफच्या महिला तुकडीवर अर्ध्या पानाचा मजकूर आला होता. त्याच्या शेवटी एक ओळ टाकली होती की मी त्या देशात युद्धानंतरच्या काळात रेशनवाटपाच्या कामात होते, काही विचारायचं असेल तर लिहा. तुम्ही भरभरून लिहिलंत. एकसारखे प्रश्न मी एकत्र केलेत आणि नावं न देता फक्त गाव दिलंय. ज्यांना उत्तर लवकर हवंय अशांचेच प्रश्न यावेळी घेतले असं नाही, मला ज्यावर खरंच सांगण्यासारखं आहे ते घेतलेत.

बार्शी : मुळात तिथं भांडण कशाचं होतं? थोडक्यात सांगा.

लायबेरिया पश्चिम आफ्रिकेत, समुद्राला लागून, राजधानी मन्रोव्हिया. अमेरिकेत गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना १८२२ पासून तिथं नेऊन वसवलं, १८४७ ला देश स्वतंत्र झाला, आणि मग या बाहेरून आलेल्यांच्या वंशजांनी शंभरावर वर्षं सत्ता आपल्याकडंच ठेवली, आतल्या जमातींना विचारलंच नाही. १९८० ला सॅम्युएल डो नावाच्या एका सार्जंटनं बंड करून सत्ता घेतली आणि त्यानंही तेच केलं, फक्त आता त्याच्या जमातीचं चालायला लागलं. १९८९ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलर या बंडखोर नेत्याची माणसं शेजारच्या आयव्हरी कोस्टच्या बाजूनं निम्बा जिल्ह्यात घुसली, तिथून पहिलं युद्ध. १९९७ ला टेलरच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, दोन वर्षांत दुसरं युद्ध सुरू, ते २००३ च्या ऑगस्टपर्यंत. जेमतेम ३० लाखांच्या आसपासचा देश आणि मेलेल्यांचा अंदाज अडीच लाखांपर्यंत सांगतात. हिरे, लाकूड, रबर हे सगळं या लढाईला पैसा पुरवत होतं, म्हणून पुढं संयुक्त राष्ट्रांनी लाकूड आणि हिऱ्यांवर बंदी घातली होती, ती २००६ आणि २००७ ला उठली.

लातूर : १९९३ च्या भूकंपात आम्ही बघितलंय, रस्त्यावरच्या गावात मदतीचे ढीग आणि आतल्या गावात लोक उपाशी. तिथंही असंच होतं का? आणि आम्ही कपडे वगैरे पाठवले तर पोचतात का?

असंच होतं, आणि तुम्ही जे किल्लारीकडं बघितलं ते लक्षात ठेवूनच हे वाचा म्हणजे लगेच कळेल. फरक इतकाच की आपल्याकडं आतल्या गावात ट्रक जायला कोणी अडवत नव्हतं.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये मन्रोव्हियाला बंडखोरांनी घेरलं होतं. शहराचं बंदर म्हणजे फ्रीपोर्ट त्यांच्या ताब्यात, आणि तांदळाची गोदामं सगळी बंदरावर. शहराच्या दुसऱ्या बाजूला लाखो लोक अडकलेले, मधे पूल, पुलावर गोळीबार. अन्न होतं आणि माणसंही होती, मधलं अंतर काही किलोमीटरचं, पण पोचवता येत नव्हतं. गोदामं लुटली गेली ती वेगळीच. टेलर ११ ऑगस्टला देश सोडून नायजेरियाला गेला, त्यानंतर तीनेक दिवसांत बंदर मोकळं झालं आणि मग जहाजं लागायला लागली. म्हणून मला कोणी विचारलं की आधी अन्न की आधी सुरक्षा, तर मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. तिथं तांदळाचं पोतं पलीकडं न्यायचं तर पुलावरचा गोळीबार थांबायला लागतो, आणि पोतं पोचलं नाही तर गोळीबार परत सुरू होतो, कारण पोटाला नसलेला पोरगा कुठल्या तरी कमांडरकडं जातोच.

युद्ध थांबल्यावर अडचण बदलली. मग अडथळा पावसाचा. मन्रोव्हिया जगातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या राजधान्यांपैकी एक आहे, साडेचार हजार मिलिमीटरच्या वर, मे ते ऑक्टोबर. रस्ते लाल मातीचे, चौदा वर्षं कोणी हात लावलेला नाही, पूल तुटलेले. लोफा जिल्ह्यात वोइंजामाकडं किंवा पूर्वेला झ्वेद्रूकडं निघालेला ट्रक पावसाळ्यात रुतला की रुतला, मागं रांग लागायची आणि दिवसच्या दिवस तिथंच. रस्ते दुरुस्त करायला शांतिसेनेतले बांगलादेशी, पाकिस्तानी आणि चिनी इंजिनिअर होते आणि माझं स्पष्ट मत आहे की त्या काळात सगळ्यात मोठी मानवतावादी मदत कुठली असेल तर ती बुलडोझरची. पण त्याचे फोटो कोणी छापत नाही, फोटो पोत्याचे छापतात.

आणखी एक. मदत येते तेव्हा कोणाच्या आवडीचं येतं ते बघा. लायबेरियन माणूस भात खाणारा, इतका की १९७९ च्या एप्रिलमध्ये तांदळाचा भाव वाढवायची नुसती गोष्ट निघाली तर मन्रोव्हियात दंगल उसळली होती आणि माणसं मेली होती. अशा देशात रेशनमध्ये आला गव्हाचा दलिया, कारण देणाऱ्या देशांकडं गहू जास्त. लोकांनी काय करावं? दलिया बाजारात विकायचे आणि थोडासा का होईना तांदूळ घ्यायचे. मग बाहेरून आलेले पत्रकार लिहायचे की मदतीचा काळाबाजार चाललाय. अहो, ती बाई पोरांना रोजचं जेवण घालायला बघत होती, काळाबाजार कसला! मोठी चोरी पोती गोदामातून निघायच्या आधी, कागदावर होते, एखाद्या बाईच्या डोक्यावरच्या पाटीत नाही होत.

कपड्यांचं म्हणाल तर मनापासून सांगते, पाठवू नका. जहाजभाडं कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त होतं, बंदरावर जागा अडते, आणि तिथल्या बाजारात शिंप्याचं आणि जुने कपडे विकणारीचं पोट मारलं जातं. द्यायचेच असतील तर तिथं आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्या आणि ते कुठं वापरावेत याची अट घालू नका.

कोल्हापूर : मी एम.ए. राज्यशास्त्र करतोय. बंदूक जमा करा आणि ३०० डॉलर घ्या अशी योजना होती असं वाचलं. लोकांनी फसवलं नसेल का? आणि असं पैसे देणं बरोबर आहे का?

फसवलं, भरपूर फसवलं, आणि तरीसुद्धा ती योजना करायलाच हवी होती असं माझं मत आहे. जरा सविस्तर सांगते कारण तुमच्या अभ्यासाचा विषय आहे.

१८ ऑगस्ट २००३ ला घानाची राजधानी अक्रा इथं करार झाला. सप्टेंबरमध्ये सुरक्षा परिषदेनं १५०९ क्रमांकाचा ठराव केला आणि १५ हजारापर्यंत सैनिकांची शांतिसेना मंजूर केली, तिला अनमिल म्हणायचे. ७ डिसेंबर २००३ ला मन्रोव्हियाजवळच्या एका जुन्या लष्करी छावणीत बंदुका जमा करायला सुरुवात झाली. पण शांतिसेनाच तेव्हा पुरती पोचलेली नव्हती, तयारी होती हजारभर लोकांची आणि आले कित्येक हजार, बंदुका घेऊन, काहींनी दारू घेतलेली, आणि सगळ्यांना पैसे आजच पाहिजेत. गोळीबार झाला, शहरात लूट झाली, माणसं दगावली. थोड्याच दिवसांत सगळं थांबवावं लागलं आणि ते नीट तयारी करून एप्रिल २००४ ला परत सुरू झालं. घाई कोणाची होती? तर वरच्यांची, देणगीदारांना काहीतरी दाखवायचं होतं. हे मी आजही विसरू शकत नाही कारण त्या घाईची किंमत मन्रोव्हियातल्या गल्लीबोळातल्या लोकांनी दिली.

नियम असा होता की एक बंदूक किंवा १५० गोळ्या आणून द्या, छावणीत काही दिवस राहा, मग १५० डॉलर हातात आणि १५० काही महिन्यांनी. वर एक शिक्षण किंवा कामाचं ट्रेनिंग. सुरुवातीचा अंदाज ३८ हजार लोकांचा होता. नोंदले गेले एक लाखाच्या वर! आणि बंदुका किती आल्या, तर २८ हजाराच्या आसपास. आता तुम्हीच गणित करा. कमांडर लोकांनी काय केलं, गोळ्या वाटून दिल्या आपल्या भाच्या-पुतण्यांना, गावातल्या पोरांना, की जा रांगेत आणि ३०० मधले अर्धे मला आणून दे. आणि दुसऱ्या बाजूला खरंच वर्षानुवर्षं त्या टोळ्यांबरोबर फरपटत गेलेल्या बायका आणि मुली, ज्यांनी स्वयंपाक केला, दारूगोळा डोक्यावर वाहिला, ज्यांना बळजबरीनं बायको करून ठेवलं, त्यांच्या हातातली बंदूक कमांडरनं आधीच काढून घेतलेली. नियमात त्यांना बंदुकीशिवाय प्रवेश होता, सुमारे २२ हजार बायका आणि ११ हजार मुलं नोंदली पण गेली, पण कित्येकजणी आल्याच नाहीत, कारण आलं की नाव लागतं आणि नाव लागलं की गावात परत कोणी घेत नाही. या बायकांचा हिशोब अजून कोणी केलेला नाही असं मला वाटतं.

तरी योजना हवी होती असं का म्हणते? कारण त्या एका लाखातले निम्मे खोटे धरले तरी ते सगळे काही महिने रांगेत, छावणीत, ट्रेनिंगमध्ये गुंतले आणि तेवढ्यात शांतिसेना पंधराही जिल्ह्यांत पोचली. तो वेळ विकत घेतला म्हणा. चूक पैसे देण्यात नव्हती. चूक पुढच्या टप्प्यात झाली. बंदुका जमा करून घ्यायला पैसे लगेच मिळाले, काम द्यायला मिळेनात. ट्रेनिंगसाठी महिना ३० डॉलर भत्ता, तोही रखडायचा, आणि शिकवलं काय तर सुतारकाम, गवंडीकाम, शिवणकाम, म्हणजे एकेका गावात गरजेपेक्षा कितीतरी जास्त सुतार आणि कोणाकडं घर बांधायला पैसे नाहीत. हा सगळा कार्यक्रम रडतखडत २००९ पर्यंत चालला. अधेमधे पोरं रबराच्या मळ्यांत जाऊन बसली, गथ्री नावाचा मोठा मळा तर जुन्या लढवय्यांच्याच ताब्यात होता, तेच चीक काढायचे आणि विकायचे, २००६ मध्ये सरकार आणि शांतिसेनेनं मिळून तो सोडवला.

आणि पुष्कळजण मोटरसायकलवर पॅसेंजर न्यायला लागले. कोणत्याही देणगीदाराच्या प्लॅनमध्ये हे नव्हतं. कर्ज काढून किंवा मालकाची भाड्यानं घेऊन बाइक चालवायची, लायसन्स नाही, हेल्मेट नाही, पण रोजचे पैसे रोज. युनियन पण झाली त्यांची. २०१३ ला सरकारनं मन्रोव्हियाच्या मुख्य रस्त्यांवर या बाइकना बंदी घातली तेव्हा पोलिसांबरोबर चांगलीच जुंपली, कारण त्या पोरांच्या दृष्टीनं ती बाइक म्हणजेच युद्धानंतर मिळालेली एकमेव खरी नोकरी होती. तुमच्या प्रबंधाला विषय शोधत असाल तर हा घ्या.

सातारा : मी पोलीस भरतीची तयारी करतेय. आपल्या महिला तुकडीनं तिथं नक्की काय काम केलं? फक्त परेड आणि फोटोच होते का?

नाही गं, फोटो आपल्याकडं आले म्हणून तसं वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ती पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी, जानेवारी २००७ ला सीआरपीएफच्या शंभराहून जास्त जणी मन्रोव्हियात उतरल्या आणि दरवर्षी बदलत बदलत फेब्रुवारी २०१६ पर्यंत आपल्या तुकड्या तिथं होत्या.

त्यांचं काम समजायला एक गोष्ट माहीत पाहिजे. लायबेरियाचे स्वतःचे साधे पोलीस तेव्हा बिनहत्यारी होते. युद्धात पोलीस आणि लष्कर दोघांनीही लोकांना लुटलं होतं, त्यामुळं लष्कर तर पूर्ण बरखास्त करून नव्यानं उभं केलं, भरतीच्या उमेदवारांचे फोटो जाहीर लावायचे की यानं कोणावर अत्याचार केला असेल तर येऊन सांगा. पोलिसांचीही अशीच छाननी. हे चांगलंच, पण तोपर्यंत रात्री हत्यारी दरोडेखोर आले तर बिनहत्यारी शिपाई काय करणार? त्याच्या मागं उभं राहायला हत्यारी तुकडी लागते आणि ते काम आपल्या मुलींचं होतं. रात्रीची गस्त, मोर्चे आणि दंगल काबूत ठेवणं, आणि राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसचा पहारा. राष्ट्राध्यक्ष होत्या एलेन जॉन्सन सरलीफ, आफ्रिकेत निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख. त्यांच्या दाराशी भारतीय मुली रायफल घेऊन उभ्या, आणि रस्त्यानं शाळेला जाणाऱ्या पोरी ते रोज बघायच्या.

त्याशिवाय त्यांनी कॉंगो टाउन भागात, जिथं त्यांचा तळ होता, मुलींना स्वसंरक्षणाचे आणि कॉम्प्युटरचे क्लास घेतले, दवाखाना चालवला, पाणी दिलं. आसपासच्या बायका त्यांच्याशी बोलायला लागल्या. आता त्या देशात युद्धात बलात्काराचं प्रमाण इतकं भयानक होतं, आणि करणारे बहुतेक गणवेशातले किंवा गणवेशासारखं काहीतरी घातलेले, की गणवेशातल्या पुरुषापुढं जाऊन तक्रार द्यायची हिंमत कोण करणार? २००६ ला बलात्काराचा कायदा कडक केला, पुढं लैंगिक गुन्ह्यांसाठी वेगळं कोर्ट पण मन्रोव्हियात सुरू झालं, पण कायदा कागदावर आणि ठाण्यात ऐकून घेणारी बाई नाही तर उपयोग काय. त्यासाठी पोलिसात लायबेरियन मुली पाहिजेत, आणि तिथं अडलं शिक्षणावर, कारण भरतीला हायस्कूल पास लागतं आणि युद्धात शाळाच नव्हती. मग खास मुलींसाठी थोड्या महिन्यांत शिक्षण पूर्ण करून घ्यायचा कार्यक्रम काढला. आपली तुकडी परत निघाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांनीच सांगितलं की लायबेरियाच्या सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय आपल्या मुलींचं असं मी म्हणणार नाही पण वाटा मोठा आहे.

आणि हो, एक राहिलं. शांतता आणली ती पण तिथल्या बायकांनीच. २००३ ला पांढरे टी-शर्ट घालून ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका एकत्र मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळ उन्हापावसात बसून राहिल्या, टेलरची गाडी तिथून जायची. मग या बायकांच्या पुढारी लेमा ग्बोवी आणि त्यांच्या सोबतिणी अक्राला गेल्या, वाटाघाटी करणारे पुरुष हॉटेलात आरामात रेंगाळतायत बघून हॉलच्या दारातच बसल्या, की करार केल्याशिवाय बाहेर सोडणार नाही. २०११ चं शांततेचं नोबेल सरलीफ आणि ग्बोवी दोघींना मिळालं, येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासोबत. तुझ्या भरतीसाठी खूप शुभेच्छा, शांतिसेनेत जायचं असेल तर इंग्रजी आणि ड्रायव्हिंग आत्तापासून पक्कं कर, दोन्हीची परीक्षा असते.

पुणे : मदत देणारेच गैरफायदा घेतात असं ऐकलंय. तुम्ही त्या कामात होतात म्हणून सरळ विचारते.

विचारलंत ते बरं केलंत. हो, झालंय. २००२ ला संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि सेव्ह द चिल्ड्रेन यांनी गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासित छावण्यांत मुलांशी बोलून एक अहवाल केला, त्यात मुलींनीच सांगितलं की रेशन, साबण, तंबूचा कागद यासाठी मदत कर्मचारी शरीर मागतात. एका संस्थेचं नाव नव्हतं, पुष्कळ संस्था होत्या. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी नियम काढला की १८ वर्षांखालच्या कोणाशीही संबंध नाही आणि मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध म्हणजे नोकरी गेली. तरीपण २००६ ला सेव्ह द चिल्ड्रेनचा लायबेरियावरचा अहवाल आला त्यात तेच चालू होतं.

मला विचाराल तर हे काही वाईट पुरुष घुसले म्हणून होत नाही, यादी एकाच माणसाच्या हातात असते म्हणून होतं. ज्याच्या हातात यादी आणि पेन त्याच्याकडं नाव काढायची आणि घालायची ताकद. म्हणून मी जिथं जिथं होते तिथं दोन गोष्टींसाठी भांडायचे, एक म्हणजे रेशनकार्ड बाईच्या नावावर, आणि दुसरं, यादी सगळ्या छावणीसमोर मोठ्यानं वाचायची, कोणाला किती मिळणार ते पण. काही ठिकाणी तक्रारपेटी लावली आणि काम झालं म्हणून मोकळे झाले. ज्या बाईला लिहिता येत नाही तिला पेटीचा काय उपयोग? तिथं बसून ऐकणारी बाई पाहिजे आणि तिच्या शब्दावर कोणाची तरी नोकरी गेलेली लोकांना दिसली पाहिजे. हे आजही कमी होतं आणि ते लिहिताना मला राग येतो.

नागपूर : मी नर्स आहे. इबोलाच्या वेळी लायबेरियात इतकं का पसरलं? शांतता होऊन तर दहा वर्षं झाली होती.

कारण त्या दहा वर्षांत दवाखाने उभे राहिले पण बरेचसे बाहेरच्या संस्थांच्या पैशावर आणि माणसांवर. २०१४ ला साथ आली तेव्हा अख्ख्या देशात डॉक्टर जेमतेम पन्नासच्या आसपास धरले जायचे. ग्लोव्ह्ज नव्हते आणि नर्सेस पहिल्या गेल्या. एकूण १० हजारावर लोकांना लागण आणि ४,८०० च्या वर मृत्यू.

पण तुम्हाला सांगायचंय ते वेस्ट पॉइंटचं. मन्रोव्हियाची दाट झोपडपट्टी, समुद्राच्या कडेला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं एका रात्रीत ती काटेरी तारा लावून बंद केली आणि पहाऱ्याला लष्कर आणि पोलीस. आत अन्न नाही, पाणी नाही, सांगितलेलं काही नाही. लोक तारांवर धावून आले, गोळीबार झाला आणि १५ वर्षांचा एक मुलगा मेला. दहा दिवसांत बंदी उठवावी लागली. ज्या दलांवर लोकांनी कुठं थोडा भरवसा ठेवायला सुरुवात केली होती तो त्या एका सकाळी उडाला. साथ आटोक्यात आली ती वस्तीतल्या पोरापोरींनी घरोघर जाऊन आजारी माणसं शोधली, धर्मगुरू आणि गावप्रमुखांनी मृताला हात न लावता पुरायला लोकांना तयार केलं म्हणून. अमेरिकन सैन्यानं मोठी उपचार केंद्रं बांधली, त्यातली कित्येक तयार झाली तोवर पेशंट कमी झाले होते आणि खाटा रिकाम्याच राहिल्या. मे २०१५ ला देश पहिल्यांदा इबोलामुक्त जाहीर झाला.

ठाणे : टेलरला शिक्षा झाली ना? मग न्याय मिळाला म्हणायचा का?

टेलरला २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली पण ती शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियात जे केलं त्यासाठी लायबेरियाच्या कोर्टात आजपर्यंत एकावरही युद्धगुन्ह्याचा खटला चाललेला नाही. त्यांच्या सत्यशोधन आयोगानं २००९ लाच विशेष कोर्ट करा म्हणून सांगितलं होतं, ते बासनात. कारण जुने कमांडर संसदेत निवडून आलेले. २०२४ ला राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी असं कोर्ट उभं करायचं कार्यालय काढायचा आदेश दिलाय. त्यामुळं नाही, मी न्याय मिळाला म्हणणार नाही.

रत्नागिरी : मुलाला मन्रोव्हियात एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी आलीय. पाठवू का? जीव घाबरतोय.

काकू, तुमची काळजी समजते, पण युद्धाची भीती मनातून काढा. शांतिसेना ३० मार्च २०१८ ला कायमची परत गेली आणि त्यानंतर देश आपल्या पायावर उभा आहे. २०२३ ची निवडणूक अगदी थोड्या मतांनी फिरली तरी हरलेले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वेआ, आधीचे मोठे फुटबॉलपटू, त्यांनी रात्रीच फोन करून हार मान्य केली आणि सत्ता शांतपणे बदलली. राजकारण तापतं मात्र, २०२४ च्या डिसेंबरमध्ये संसदेच्या इमारतीला आग लागली होती. मोर्चा असेल त्या दिवशी घरात बसायचं एवढं मुलाला सांगा.

खरा धोका चोरीमारीचा. शहरात पोरांची एक मोठी फळी आहे, त्यांना तिकडं झोगो म्हणतात, कोणी पूर्वी लढलेले, कोणी लढलेल्यांची मुलं, आता नशेत. २०२४ च्या सुरुवातीला सरकारनं नशेच्या प्रश्नावर राष्ट्रीय आणीबाणीच जाहीर केली. मोबाइल हिसकावणं, रात्री घरफोडी हे होतं. म्हणून राहायची जागा कंपनीची आणि पहारेकरी असलेली असू दे, रात्री एकट्यानं फिरणं नको आणि जिल्ह्यात जायचं तर पहाटे निघून उजेडात पोचायचं. पावसाळ्यात तर कामाशिवाय बाहेरगावी नाहीच.

निघायच्या किमान दहा दिवस आधी पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायला सांगा आणि ते कार्ड पासपोर्टबरोबर ठेवायचं, तिथं उतरताना लागतं आणि भारतात परत येतानाही लागतं, नसेल तर इथं आल्यावर वेगळं ठेवतात. मलेरिया तिथं बारमाही आहे, ताप आला की त्याच दिवशी तपासणी, क्रोसिन घेऊन बसायचं नाही. भाताची काळजी करू नका, रोज भातच खातात आणि मासळी भरपूर, भारतीय दुकानंही मन्रोव्हियात बरीच आहेत. वीज जाते, जनरेटरचं कोण देणार ते विचारून घ्या.

आणि नोकरीचा करार कागदावर हवा, त्यात पगार अमेरिकन डॉलरमध्ये की लायबेरियन डॉलरमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण तिथं दोन्ही चालतात आणि किमतीत प्रचंड फरक आहे. पासपोर्ट कंपनीकडं ठेवायचा नाही, कितीही गोड बोलले तरी. वर्क परमिट कोण काढणार आणि परतीचं तिकीट कोणाचं हे दोन्ही त्याच कागदात. मन्रोव्हियात आपला भारतीय दूतावास आहे, पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथं नाव नोंदवायला सांगा. हे सगळं कंपनीनं लिहून दिलं तर पाठवा, द्यायला टाळाटाळ केली तर मला परत लिहा, पण तोवर तिकीट काढू नका.